एदोत राहिलेल्या बाईसाहेब

माझं जपानी माझ्या नवऱ्याने एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, परस्पर दान करून टाकलं. मला ते संध्याकाळी भाजी निवडताना कळलं.

तो सिंगापूरला, क्वीन्सटाउनजवळच्या एका जपानी कंपनीत मॅनेजर होता. त्याच्या वरचे साहेब जपानी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. त्या दिवशी जेवताना ते सहज बोलून गेले, की त्यांचे खापरपणजोबा जपानातल्या एका लहानशा मुलखाचे दाइम्यो होते. दाइम्यो म्हणजे साधारण आपल्याकडच्या संस्थानिकासारखे. त्यांचं चरित्र साहेबांच्या काकांनी वह्यांमध्ये लिहून ठेवलं होतं, पण साहेबांची नातवंडं अमेरिकेत वाढत होती आणि त्यांना जपानी वाचता येत नव्हतं. ते सगळं इंग्रजीत यावं अशी साहेबांची फार इच्छा होती. यावर माझा नवरा म्हणाला, "माझी बायको करेल की. ती घरीच असते."

घरीच असते हे खरं होतं. पुण्यात मी जपानीची सगळ्यात वरची परीक्षा दिली होती. हिंजवडीतल्या एका कंपनीत सहा वर्षं मी जपानी पाहुण्यांच्या मागेपुढे दुभाषी म्हणून फिरले होते, आणि माझ्यावाचून एकाही मीटिंगचं पान हलत नसे. मग २०१२ साली नवऱ्याला सिंगापूरची नोकरी लागली आणि आम्ही तीन वर्षांच्या मुलीला घेऊन क्लेमेंटीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. त्याच्याकडे एम्प्लॉयमेंट पास, माझ्याकडे डिपेंडंट पास, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बायकोचा. त्या हिरव्या कार्डावर माझा फोटो बरा आला होता, एवढंच काय ते त्याचं कौतुक. या पासवर नोकरी करायची तर आधी कुणीतरी आपल्याला नोकरी द्यायला हवी, आणि त्यानेच सरकारकडे अर्ज करून आपल्यासाठी संमतीचं पत्र मिळवायला हवं. एवढा उपद्व्याप करून मला घेणारं कोण? दोन ठिकाणी हसून नाही म्हणाले. तिसरी बुओना व्हिस्टाजवळची एक भाषाशाळा होती. तिथल्या मुख्य बाई चिनी, स्पष्ट बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "तुमची गॅप फार आहे. काही छापलेलं, दाखवण्यासारखं काम घेऊन या. मग मी स्वतः तुमच्या पत्रासाठी अर्ज करते."

म्हणून नवऱ्याने परस्पर दान केलं तरी मी भांडले नाही. उलट मला आनंद झाला. पुस्तक छापलं जाणार होतं. त्यावर माझं नाव येणार होतं. ते नाव घेऊन मी बुओना व्हिस्टाला जाणार होते. दोन वर्षं मी या एका गोष्टीच्या जिवावर काढली.

साहेब पहिल्यांदा घरी आले ते रविवारी दुपारी. तीन वह्या जांभळ्या कापडात बांधून आणल्या होत्या आणि ते गाठोडं त्यांनी मला दोन्ही हातांनी दिलं. नवऱ्याने कुठूनसं ऐकलं होतं, की जपान्यांत मानाचा पाहुणा दारापासून सगळ्यात लांब बसतो. आमच्या फ्लॅटमध्ये दारापासून सगळ्यात लांबची जागा म्हणजे वॉशिंग मशीनला लागून. तिथे खुर्ची टाकून त्याने साहेबांना बसवलं, आणि साहेबही बिचारे मशीनच्या आवाजात ताठ बसून चकली खात राहिले. माझ्याशी ते जपानीत बोलले. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्याशी पूर्ण वाक्यांत, विचार करून, मला काय वाटतं ते विचारत बोलत होतं. नवऱ्याला जपानी नमस्कार-चमत्कारापलीकडे येत नाही. तो शेजारी बसून हसत होता. आम्ही काय बोलतोय हे कळत नसलं की तो असाच हसतो.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत गेली की मी वह्या उघडायची.

दाइम्यो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तलवार, घोडा, किल्ला असलं काहीतरी होतं. प्रत्यक्षात हा मनुष्य एखाद्या कचेरीत जन्म काढल्यासारखा जगला. शोगुनाचा, म्हणजे जपानवर प्रत्यक्ष राज्य करणाऱ्या सेनापतीचा, नियमच होता, की प्रत्येक दाइम्योने एक वर्ष आपल्या मुलखात राहायचं आणि एक वर्ष त्याच्या राजधानीत, एदोत म्हणजे आजच्या टोकियोत, त्याच्या नजरेखाली. जन्मभर हेच. जाताना शे-दोनशे माणसांची मिरवणूक, भाले, पेट्या, पालख्या. आणि पोचल्यावर काय करायचं? ठरलेल्या दिवशी किल्ल्यात हजेरी लावायची. कुणी कुठल्या दालनात, कितव्या चटईवर बसायचं ते ठरलेलं. कुठल्या महिन्यात कुठल्या रंगाचे कपडे, तेही ठरलेलं. आमचे दाइम्यो लहान मुलखाचे, त्यामुळे त्यांची चटई पार मागे. काकांनी वह्यांत उतरवून घेतलेल्या त्यांच्या रोजनिशीत लढाईचा एक शब्द नाही. पण आपल्याला एक चटई पुढे सरकायला मिळाली, यावर अडीच पानं आहेत. ती अडीच पानं मी नवऱ्याला वाचून दाखवली, तर तो गंभीरपणे म्हणाला, "साधी गोष्ट नाहीये ती." तेव्हा त्याच्या ऑफिसात कुणाला खिडकीजवळची केबिन मिळणार याची धुसफूस चालू होती.

आई वारल्याची बातमी दाइम्योंना एदोत कळली. मुलखात जायची परवानगी मागणं बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी मागितली नाही. त्या दिवसाच्या नोंदीत हवा आणि जेवण लिहिलंय, आणि मग एक ओळ आईबद्दल. मी ते वाचलं आणि तासभर काम करू शकले नाही. मला त्या माणसाची दया आली. पुढे ती तितकीशी टिकली नाही.

कारण वर्षाआड ते निदान घरी तरी जात. त्यांची बायको कधीच जात नसे. दाइम्योने बंड करू नये म्हणून त्याची बायको आणि वारस कायम एदोत ठेवायचे, हा नियमाचा खरा गाभा. वाड्यात राहायचं, नोकरचाकर, रेशमी कपडे, सगळं व्यवस्थित. फक्त शहराबाहेर पडायचं नाही. रस्त्यांवर नाकी होती, आणि नाक्यांवरच्या शिपायांना दोन गोष्टींवर नजर ठेवायची असे. बंदुका आत येऊ नयेत, आणि बायका बाहेर जाऊ नयेत. एखादी बाई निघालीच तर तिच्याकडे परवाना लागे, आणि त्यात तिचे केस, कपाळ, तीळ यांचं वर्णन. नाक्यावर एक म्हातारी बाई बसवलेली असे, ती केस सोडून बघून खात्री करी. हे भाषांतर करताना मी उठून पर्समधलं हिरवं कार्ड काढून बघितलं. ही तुलना फाजील होती, मला कळत होतं. मला कुणी क्लेमेंटीत कोंडलेलं नव्हतं. पण मनात आली ती आली.

या बाईसाहेब लग्न होऊन दाइम्योंच्या घरात आल्या त्याही एदोतच. ज्या मुलखाच्या त्या राणी, तो मुलूख त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांना मूल झालं नाही. मुलखात ठेवलेल्या दुसऱ्या बाईचा मुलगा पाचव्या वर्षी एदोत आणून त्यांच्या मांडीवर बसवला गेला. साहेब त्या मुलाच्या वंशातले. तिन्ही वह्यांत या बाईंचा उल्लेख येतो तो "आतल्या बाईसाहेब" एवढाच. फक्त एका ठिकाणी काकांनी त्यांचं एक पत्र अख्खं उतरवून घेतलं होतं, नवऱ्याला लिहिलेलं. तिकडून पाठवलेली वाळवलेली पर्सिमॉन पोचली, असं त्यात होतं. पर्सिमॉन म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं गोड फळ, आमच्या क्लेमेंटीच्या बाजारातही मिळतं. पुढे त्यांनी लिहिलं होतं, "ते झाड उत्तरेच्या दरवाजाजवळ आहे असं ऐकते. सव्वीस वर्षं त्याची फळं खाते आहे. किती उंच आहे ते कळवावं." खाली सही. त्यांचं स्वतःचं नाव, लग्नाआधीचं, चार वह्यांइतकं आयुष्य आणि त्यात एकदाच आलेलं. वह्या तीनच होत्या, पण मला नेहमी वाटत आलं की बाईंची चौथी कुणी लिहिलीच नाही.

दाइम्योंनी झाडाची उंची कळवल्याची नोंद नाही.

त्याच पत्रानंतर दुसरी एक गोष्ट येते. बाईंना सांधेदुखी होती. वैद्याने गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायला सांगितलं. त्यासाठी परवान्याच्या अर्जाचा मसुदा तयार झाला, केस, कपाळ, डाव्या कानाखालचा तीळ, सगळं लिहून. मग रोजनिशीत दाइम्यो लिहितात: अर्ज पुढे पाठवला नाही. सध्या तसं करणं बरं दिसणार नाही. हे वर्ष चटई पुढे सरकण्याचं होतं.

मी चिडून ते नवऱ्याला सांगितलं. शोगुनाने नाही म्हटलंच नव्हतं. त्याला विचारलंच नव्हतं. ह्यानेच परस्पर ठरवून टाकलं. नवरा डोसा खात होता. म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. बायकोच्या एका ट्रिपसाठी संस्थान पणाला लावायचं का?"

"विचारायचं तरी तिला."

"तिला विचारून काय होणार होतं?"

दुसऱ्याच्या बायकोवरून आपल्या घरात भांडण नको, असा पोक्त विचार मी केला.

दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात भाषांतर संपत आलं. भाषाशाळेतल्या बाईंशी मी फोनवर बोलले होते. जानेवारीत नवे वर्ग सुरू होणार होते आणि त्यांना एक शिक्षिका हवीच होती. पुस्तक डिसेंबरात हातात आलं की सगळं जमत होतं. तेव्हा साहेबांची एक मेल आली. त्यांच्या सगळ्या मेल असत तशीच, हवापाण्यापासून सुरू झालेली. पत्राखाली बाईसाहेबांचं नाव आहे, ते एकदाच येतं, वाचणाऱ्याला ही कोण असा प्रश्न पडेल. नाव ठेवायचं तर खाली टीप द्यावी लागेल, आणि टीप द्यायची तर गावच्या देवळातल्या नोंदवहीतून खात्री करून घ्यावी लागेल, त्याला तीनचार आठवडे जातील. "ठेवावं की गाळावं, तुम्हीच ठरवा," असं त्यांनी लिहिलं होतं. "तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता."

तीनचार आठवडे म्हणजे छपाई जानेवारीच्या पुढे. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते. समोर मुलगी शाळेचं स्पेलिंग करत होती. मी नावावर कर्सर नेऊन ठेवला तशी ती डोकावली.

"Who's that?"

"त्या राजाची बायको."

"Then why you delete?"

"नाव नसलं तरी चालतं इथे."

"Cannot lah. Everybody got name, what."

"तू तुझं स्पेलिंग कर," मी म्हटलं, आणि नाव काढून "त्यांची पत्नी" असं लिहिलं. साहेबांना कळवलं, की नावाची गरज नाही. त्यांनी तासाभरात आभार मानले.

डिसेंबरात साहेबांच्या निरोपाचं जेवण होतं, एका जपानी रेस्टॉरंटमध्ये. मी आईची पैठणी नेसून गेले. प्रत्येकाच्या ताटाशेजारी एकेक पुस्तक ठेवलेलं, करड्या कापडी बांधणीचं, देखणं. मी कव्हर बघितलं. आतलं पान बघितलं. त्याच्या मागचं बघितलं. मग अगदी शेवटी, आभारांत, एक ओळ सापडली: इंग्रजी अनुवादासाठी एका सहकाऱ्याच्या कुटुंबाचं साहाय्य झालं. मी ती ओळ तीनदा वाचली. कुटुंब! जुन्या मराठीत बायकोला कुटुंब म्हणत, ते आठवून मला तिथे हसू फुटलं आणि ठसका लागला. नवऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. हळूच म्हणाला, "विसरले असतील. म्हातारा माणूस आहे. आत्ता विषय काढू नकोस."

मी काढला नाही. साहेब माझ्यापुढे कमरेत वाकले तेव्हा मीही वाकले. पण मनातून तो माणूस उतरला. दोन वर्षं माझ्याशी इतक्या अदबीने बोललास, आणि वेळ आली तेव्हा मला कुटुंबात ढकललंस! कामापुरता मामा. रक्तच आहे तसं, खापरपणजोबाचं. पुढे त्यांची नव्या वर्षाची कार्डं येत राहिली, त्यांना मी उत्तर दिलं नाही.

पुस्तक घेऊन बुओना व्हिस्टाला गेले. मुख्य बाईंनी पानं उलटली. "छान. तुमचं नाव कुठे आहे?" मी ती ओळ दाखवली. त्यांनी ओळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझ्यावर अविश्वास दाखवायचा नव्हता, हे मला दिसत होतं. पण संमतीच्या पत्रासाठी कागद लागतात, आणि हा कागद कुणाच्याही कुटुंबाचा असू शकत होता. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढच्या मे महिन्यात आम्हाला पीआर मिळालं, म्हणजे कायम राहायची परवानगी. आता कुठेही काम करायला पत्र लागणार नव्हतं, पण तोवर माझी गॅप चार वर्षांची झाली होती. शनिवारी लहान मुलांना मुळाक्षरं शिकवायचा एक वर्ग मिळाला. तो मी अजून घेते.

नवऱ्याने ते पुस्तक हॉलमधल्या शेल्फवर दर्शनी लावलं होतं. गणपतीला आलेल्या पाहुण्यांना तो अभिमानाने दाखवायचा, "हे सगळं हिने केलंय." कुणी नाव शोधायला लागलं, की "अहो, त्याची एक गंमतच झाली" म्हणून सुरू करायचा.

२०१८ साली साहेब चार दिवसांसाठी सिंगापूरला आले. त्यांनी नवऱ्याला कळवलं, की क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावरची कोपी, म्हणजे इथली दाट गोड कॉफी, प्यायची आहे आणि आम्हा दोघांना भेटायचं आहे. दुपारी तीनची वेळ. टेबलं बरीचशी रिकामी, वरचे पंखे गरगरत होते. साहेब फार वाळले होते. कोपीचा एक घोट घेऊन त्यांनी इंग्रजीत नवऱ्याची चौकशी केली, मग माझ्याकडे वळून जपानीत विचारलं, की तुम्ही हल्ली काय भाषांतर करता?

माझा ताबा सुटला. अडीच वर्षं साठलेलं होतं. मी म्हटलं, काही करत नाही. करणार कसं? त्या पुस्तकावर माझं नाव नव्हतं. ते का नव्हतं, एवढं मला सांगाल का? माझा आवाज चढला होता, पण जपानी क्रियापदं आदराचीच निघत होती. त्या भाषेत धड भांडताही येत नाही.

साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांना खरोखरच काही कळेना. मग ते सावकाश म्हणाले, की छपाईच्या आधी मी तुमच्या यजमानांना विचारलं होतं. दोनदा विचारलं. पहिल्या पानावर तुमचं नाव मी घातलेलं होतं. ते म्हणाले, तिची इच्छा नाही, तिला असं पुढे यायला आवडत नाही. तरी मला राहवेना, म्हणून आभारात ती ओळ घातली.

नवरा आमच्याकडे आळीपाळीने बघत हसत होता.

साहेब आणखी थोडं बोलले. मग त्यांनी आपल्या पातळ मानेवरून हात फिरवला आणि कमरेत वाकायला लागले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. त्यांना एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनापर्यंत पोचवून आम्ही परत निघालो.

ओव्हरहेड ब्रिजवर नवरा म्हणाला, "काय गं, काय म्हणत होते एवढं?"

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि त्याला सगळं मराठीत सांगितलं. सवयच आहे, शब्दाला शब्द. दोनदा विचारलं. पहिल्या पानावर नाव होतं. तिची इच्छा नाही.

तो म्हणाला, "पीआरचा अर्ज आत होता तेव्हा. छापील पुस्तकात तुझं नाव, आणि कुणी म्हटलं असतं ही डिपेंडंट पासवर काम करते, तर?"

"त्यात एक पैसा घेतला नव्हता मी. असा नियम आहे असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"कुणाला विचारलंस?"

"नाही विचारलं. रिस्क कशाला घ्यायची? तुमच्याच दोघींसाठी केलं ना मी?"

आणि माझ्याशी खोटं बोललास, मी म्हटलं. एका भल्या म्हाताऱ्यावर मला अडीच वर्षं दात खायला लावलंस. माझी नोकरी गेली ती तुझ्या भित्रेपणाने गेली, शोगुनाने नाही म्हटलंच नव्हतं. शेजारून जाणाऱ्या आजीबाई वळून बघायला लागल्या. त्याची मान खाली होती. मला वाटलं होतं हे बोलून टाकलं की बरं वाटेल, आणि बरंही वाटत होतं, मी खरं सांगते. त्याच्यावर ओरडायला मला त्या दिवशी काहीच अडचण नव्हती, एका वाक्याखेरीज.

शेवटी तो म्हणाला, "आणि नंतर? नंतरही बराच वेळ बोलत होते. मानेवरून हात फिरवत."

"तब्येतीचं," मी म्हटलं. "काही विशेष नाही."

आयुष्यात मी भाषांतर करताना एकच वाक्य जाणूनबुजून गाळलं, ते हे. मानेवरून हात फिरवत साहेब म्हणाले होते, "बाईसाहेबांच्या नावाबद्दल मी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्हीही म्हणाला होतात, गरज नाही, म्हणून मला वाटलं, तुमच्याकडे तशीच पद्धत असेल."